चिंचडोहची कुसुमताई

नागपूर, ८ जानेवारी २०२५

माया, जय भीम.

सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पाकिटावर 'प्रेमानंद गोतमारे, वाचकांची पत्रे' असा पत्ता बघून मला आधी वाटलं, खरोखरच्या वाचकाचं पत्र आलं की काय. इथे ते आता इतकं क्वचित घडतं की शिपायानंही पाकीट कौतुकानं आणून दिलं. उघडलं तर आत एक झेरॉक्स आणि तुझ्या दीड ओळी. 'हे तुमचंच आहे ना, भाऊ? अशी बाई आमच्या गावात नाही, एवढं लिहून द्या.' ख्यालीखुशालीचा एक शब्द नाही. तुझा राग अजून तसाच आहे तर.

झेरॉक्स पाहिला. कंपनीच्या अहवालाचं पान आहे. वर 'स्थानिक जनमत' असं लिहिलंय आणि खाली आमच्या पेपरातलं कात्रण डकवलंय : 'आम्हाला वॉशरी हवी. – कुसुमताई भोयर, चिंचडोह, ता. सावनेर.' तुझ्या गावाला लागून ही वॉशरी, म्हणजे कोळसा धुण्याचा कारखाना येणार, त्याची जनसुनावणी चार फेब्रुवारीला आहे, हेही मला माहीत आहे. बातमी माझ्याच पानाच्या शेजारी लागली होती, दोन इंच.

पण हे पत्र माझंच, असं तू कशावरून ठरवलंस? वाचकांच्या पत्रांना कुणी बाप असतो का?

जाऊ दे. तुझ्यासमोर नाटक कशाला. तू माझ्याच शेजारच्या खुर्चीवर शिकलीस. पत्रं कमी पडली की आपण दोघं चहा मागवून बसायचो आणि वाचक जन्माला घालायचो. एसटीच्या नावानं सतत कुरकुर करणारा काटोलचा निवृत्त पोस्टमास्तर तुझाच होता. तो अजून लिहितो, बरं का. तू गेलीस तेव्हा त्याला मारणं माझ्या जिवावर आलं.

आणि विहिरींच्या पाण्याची तुझी ती बातमी. ती मी कापली असं तू सगळ्यांना सांगितलंस. मी फक्त पानावरून उतरवली, निर्णय वरचा होता. पण यावर भांडायला आता सहा वर्षं उशीर झाला.

लिहून देतो मी. फक्त थोडा वेळ दे.

प्रेमानंद


१५ जानेवारी

माया,

तू उत्तर पाठवलं नाहीस, म्हणजे मीच बोलत राहायचं. ठीक आहे.

ते पत्र कसं आलं ते सांगतो. नोव्हेंबरात संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. आमचे हे तिसरे संपादक, वयानं माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी लहान. म्हणाले, 'प्रेमानंदजी, त्या सावनेरकडच्या गावातून एखादं पत्र नाही आलं का? एखाद्या बाईचं?' बस, एवढंच. इथे कुणी कुणाला खोटं लिही असं म्हणत नाही. 'आलं नाही का' असं विचारतात. तासाभरात आलं.

लाज याची वाटते की पत्र चांगलं झालं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीतलं सर्वांत चांगलं. मी माझ्या आईला डोळ्यांसमोर ठेवलं होतं. पत्रातल्या बाईची दोन्ही मुलं पुण्यात चौकीदारी करतात, दिवाळीला येतील म्हणून ती डबाभर चिवडा करते आणि मग तो महिनाभर एकटीच खाते. गावात काम असतं तर माझी लेकरं माझ्यासमोर जेवली असती, असा शेवट केला. वाचताना मुद्रितशोधकाचे डोळे भरून आले. मला बरं वाटलं, हेही तुला सांगून टाकतो.

आता तू म्हणशील, मग दे ना लिहून, दीड ओळच तर आहे. माया, मला निवृत्तीला चौदा महिने उरलेत. पण ते कारण नाही. कारण माझा हर्षित.

तू त्याला शाळेच्या गणवेशात पाहिलंस. पुढे तो इंजिनिअर झाला, मग स्पर्धा परीक्षा, मग काहीच नाही. दोन वर्षं हा मुलगा भिंतीकडे तोंड करून पडून होता. त्याची आई पुष्पलता ताट आत ठेवायची आणि तसंच बाहेर आणायची. मग देवगडे सरांनी त्याला आपल्या चॅनलवर घेतलं. हो, तेच. प्राध्यापक चंपतराव देवगडे, आमच्या पेपरातलं रविवारचं निर्भीड सदर आणि यूट्यूबवरचे चार लाख श्रोते. सर बोलतात ते हर्षित लिहितो. तीन वर्षं झाली. आता तो जेवतो, हसतो, भांडवलशाहीवर माझ्याशी भांडतो. 'बाबा, तुमचा पेपर विकल्या गेला,' असं मला रोज ऐकवतो.

त्या चॅनलला पैसा कुठल्या प्रतिष्ठानाचा येतो, हे त्यानं कधी पाहिलं नाही. मी पाहिलंय. तुझ्या गावात वॉशरी घालणाऱ्यांचंच ते प्रतिष्ठान आहे.

मला सरांचा राग येतो तो यामुळेच. उघड विकलेल्या माणसाचा मला इतका राग येत नाही, त्याच्याकडून अपेक्षाच नसते. पण हे गृहस्थ दर रविवारी माध्यमांच्या गुलामीवर रडतात, जगातल्या झाडून सगळ्या नद्यांची काळजी वाहतात आणि आपल्या तालुक्यातल्या नदीवर आले की यांचा घसा बसतो. वर त्यांच्या सदराची स्तुती करणारी अर्धी पत्रं मी लिहिलेली. ती कात्रणं ते फायलीत लावून ठेवतात आणि भाषणात दाखवतात.

पण शेवटी त्यांच्या शब्दाला वजन आहे. मी विचार करतोय, त्यांच्याकडेच जावं. ते एक वाक्य बोलले तर माझ्या सहीची गरजच पडणार नाही.

प्रेमानंद


२२ जानेवारी

माया,

काल सरांच्या घरी जाऊन आलो. लक्ष्मीनगरात तिसऱ्या मजल्यावर राहतात. सोफ्यावरसुद्धा पुस्तकं, बसायला एक गठ्ठा उचलून ठेवावा लागला. स्वतः उठून चहा केला त्यांनी. माणूस गोड आहे, हीच पंचाईत आहे.

मी म्हटलं, सर, चिंचडोहवर एकदा बोला. त्यांनी चष्मा काढला आणि मला युरोपातल्या एका देशाची गोष्ट सांगितली, तिथे वर्तमानपत्रं कशी एकेक करून ताब्यात घेतली गेली. मग दुसऱ्या देशाची. चहा संपेपर्यंत आम्ही सावनेरला पोचलोच नाही. मी पुन्हा विषय काढला तेव्हा म्हणाले, 'प्रेमानंद, मोठं चित्र पाहा. आज तुमच्या पेपरात माझं सदर आहे म्हणून निदान एक खिडकी उघडी आहे. एका गावासाठी आपण ती आपल्याच हातानं लावून घ्यायची का? मग उद्या बोलणार कोण?'

मी विचारायला हवं होतं, की सर, खिडकी उघडी ठेवायला तुम्ही काहीच बोलत नाही, मग ती उघडी तरी कशासाठी? विचारलं नाही. घरी येऊन सुचलं.

पण निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. 'आठ दिवस थांबा, मी वरती बोलतो. घाईनं कुठे सही करू नका,' म्हणाले. तेव्हा आठ दिवस थांबू. कुसुमताईचं नाव मी काढलं नाही, आडून आडूनच विचारलं. तू काळजी करू नकोस.

प्रेमानंद


२९ जानेवारी

माया,

काल तू फोन उचललास. तुझा आवाज जाड झालाय, की तो राग होता? तू म्हणालीस, 'भाऊ, मी घरोघरी फिरली. भोयरांची अकरा घरं हायेत, एकातही कुसुम नाही. बाकी सगळे कागद माझ्यापाशी हाये. तुमची सही तेवढी आणून द्या.' मी हो म्हटलं. 'मागच्या वेळीही हो म्हटलं होतं तुम्ही,' म्हणालीस आणि ठेवून दिलास.

मागच्या वेळी. ठीक आहे, आज ते लिहून टाकतो. निर्णय वरचा नव्हता. वरून फक्त फोन आला होता, की ती विहिरींची बातमी जाणारच आहे का. मी नाही म्हटलं आणि उतरवली. मला कुणी सांगितलंच नव्हतं, माया. मी सांगण्याआधीच ऐकलं. तू दुसऱ्या दिवशी राजीनामा टेबलावर ठेवलास तेव्हा मी टेलिप्रिंटर बघायच्या निमित्तानं उठून गेलो. टेलिप्रिंटर बंद होऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

स्टॅम्प पेपर आणलाय. कोर्टासमोरच्या नोटरीकडेही जाऊन आलो. त्यानं मजकूर टाइप करून दिला : 'सदर पत्र मी स्वतः लिहिले असून कुसुमताई भोयर ही व्यक्ती माझ्या कल्पनेतील आहे.' पेन हातात घेतलं आणि म्हटलं, चष्मा विसरलो, उद्या येतो. चष्मा डोळ्यावरच होता. नोटरीनं कागद घडी करून माझ्या हातात दिला, त्याला अशी गिऱ्हाईकं रोजची असावीत.

सव्वीस जानेवारीच्या पुरवणीत पहिल्या पानावर कंपनीच्या शुभेच्छा आहेत आणि आतल्या पानावर सरांचा लेख, 'संविधान कुणाचे?' छान लिहिलाय. हर्षितनं लिहिलाय, म्हणून छान आहे. आणि परवा त्याला सरांनी मुख्य लेखक केलं. घरी पेढे आणले त्यानं. आईच्या तोंडात घातला, मग माझ्या. तो पेढा तोंडात असताना मी कुठला कागद बाहेर काढणार होतो, तूच सांग.

चारला मी येईन. सगळ्यांसमोर उभा राहून सांगेन, सहीपेक्षा ते बरं. शब्द देतो.

प्रेमानंद


५ फेब्रुवारी

माया,

तू मंडपात पुढे होतीस, मी शेवटच्या रांगेत. आजारपणाची रजा टाकून सकाळच्या एसटीनं आलो होतो. मागून जे दिसलं ते लिहितो, कारण नंतर तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

तू सुरेख बोललीस. पाण्याचे नमुने, नकाशे, सगळं एकेक करून सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ठेवलंस. मग म्हणालीस, 'आणि हे जे पत्र जोडलं हाये, या नावाची बाई चिंचडोहमध्ये नाही. असेल तर उभी करा.' आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलंस. मी उठणारच होतो. खरंच उठत होतो.

माझ्याआधी ती उठली.

हिरवं लुगडं, पायात प्लॅस्टिकची चप्पल, हातात आधार कार्ड. लोक कुजबुजले, 'अरे, हे तर कौसल्याबाई.' साहेबांनी कार्ड वाचलं : कुसुम भोयर, चिंचडोह. तिचं माहेर-सासर एकाच गावात. लग्नात सासरच्यांनी नाव बदलून कुसुम ठेवलं, ते कागदावर चढलं आणि तिथेच राहिलं. लहानपणापासून पाहणारा गाव तिला कौसल्याच म्हणत राहिला. तू कुसुमला शोधत तिच्या दारात गेली असशील तेव्हा तिनंच नाही म्हणून सांगितलं असेल, आणि तेव्हा ते खोटंही नसेल, त्या नावानं तिला कुणी हाकच मारत नव्हतं.

'पत्र म्याच लिवलं,' ती म्हणाली आणि वाचायला लागली. अडखळत, एकेक अक्षर लावत. चिवड्याच्या डब्यापाशी तिचा आवाज फुटला. माया, ते तिचं खरं होतं. तिची मुलं खरोखर पुण्यात असणार. मंडपात बायका डोळे पुसत होत्या.

मी उठलो तो तेव्हा. म्हटलं, साहेब, हे पत्र मी लिहिलंय, मी पेपरात काम करतो. साहेबांनी शांतपणे विचारलं, 'मग या बाई कोण?' लोक हसले. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, 'काहून जी? आमाले लिवता येत नाही का?'

टाळ्या पडल्या. तुझ्या बाजूच्या लोकांनीही वाजवल्या. मी खाली बसलो.

आता जे राहिलं ते. तुम्ही कुसुमताईवर बोट ठेवणार आहात हे कुणालाच माहीत नव्हतं. फक्त तुला आणि मला होतं. आणि एकवीस तारखेपासून सरांना. बावीसच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोललो. मी आडून विचारलं नव्हतं, सगळंच सांगितलं होतं. तुझी दीड ओळ, झेरॉक्स, माझी सही, चार तारखेला तू काय विचारणार ते. मला वाटलं, एवढा वाचलेला माणूस, याला आपली घुसमट कळेल. ते आठ दिवस त्यांनी मला विचार करायला दिले नव्हते. मीच त्यांना दिले होते.

प्रेमानंद


९ फेब्रुवारी

माया,

सोबत सही केलेला स्टॅम्प पेपर जोडतो आहे. सरांशी एकवीस तारखेला झालेलं बोलणंही त्यात घातलंय, त्यांच्या नावासकट. वकिलाला विचार, आता याचा काही उपयोग आहे का. एक जिवंत बाई माझ्या कल्पनेतली आहे असं सांगणारा हा कागद आहे, हसतील कदाचित. तरी ठेव.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा तू सरांचा व्हिडिओ पाहिलेला असशील. 'कुसुमताईचा आवाज कुणाला नको आहे?' काल सकाळी आला. सावनेरवर अखेर सर बोलले. गावातली एक कष्टकरी बाई भर सभेत आपलं म्हणणं मांडते आणि शहरातला एक पगारी पत्रकार उठून म्हणतो, हे तुझं नाहीच, माझं आहे. यावर अठरा मिनिटं. वॉशरीचं नाव दोनदा आलंय, विहिरींच्या पाण्याचं एकदाही नाही.

तो कसा लिहिला गेला ते तुला सांगायलाच हवं, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी जेवताना हर्षित खुशीत होता. म्हणाला, 'बाबा, त्या बाईले मीच शोधलं. सर म्हणाले, चिंचडोहच्या भोयर बायांवर एक स्टोरी करू, ग्रामीण स्त्रीचा आवाज. दोन दिवस मतदार यादी घेऊन बसलो होतो. भेटली ना बरोब्बर!' पुष्पलता त्याला वाढत होती, म्हणाली, 'बाप्पा, किती मेहनत करते हा.' मी भाकरी मोडत राहिलो.

मग त्यानं लिहिलेलं काढलं. सुनावणीला तो नव्हता, सरांनी सांगितलं त्यावरूनच लिहिलं होतं. त्याचं लिखाण मी नेहमी डोळ्यांखालून घालतो. 'तो पत्रकार उठला ना, त्याच्यासाठी एक शब्द पाहिजे. मी दलाल लिहिलं होतं, पण सरांले ते घिसापिटा वाटते. तुम्ही सांगा.'

मी म्हटलं, 'भित्रा लिही.'

'भित्रा काहून? तो तर भर सभेत उठला.'

'महिनाभर उशिरा उठला.'

त्यानं मान वर केली. 'तुम्हाले कसं माहीत?'

मी सांगितलं. पत्रापासून सरांच्या चहापर्यंत सगळं सांगितलं, प्रतिष्ठानाचं नावही सांगितलं. पुष्पलता पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. हर्षितनं एकच विचारलं, 'तो पत्रकार म्हणजे तुम्ही, हे सरांले माहीत हाये?' मी हाव म्हटलं. त्यानं ताट उचललं, स्वतः घासलं, कधी घासत नाही तो, आणि लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेला. दार लावून घेतलं. मला वाटलं, आता हा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडणार. आणि खोटं नाही सांगत, दुसरीकडून असंही वाटलं की पडू दे. राजीनामा लिहीत असेल तर लिहू दे. मी तुझ्याएवढं धाडस करू शकलो नाही, पण माझ्या घरात कुणीतरी करतंय, या विचारानं मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो. आतून टाइप करण्याचा आवाज येत होता.

काल सकाळी तो आमच्याआधी उठून निघून गेला होता. दहा वाजता पुष्पलताच्या फोनवर व्हिडिओ आला. आम्ही दोघांनी सोफ्यावर बसून पाहिला. सर त्या शब्दापाशी थांबले, चष्मा काढला आणि सावकाश म्हणाले, 'भित्रा.' फार परिणामकारक झालंय. शेवटी पाटी आली, लेखन : हर्षित गोतमारे. तीन वर्षांत त्यांनी त्याचं नाव एकदाही दिलं नव्हतं.

पुष्पलतानं फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, 'घ्या जी. आता तोबी तुमच्यासारखा झाला.'

प्रेमानंद